पावणेतीन फूट

आमच्या इमारतीत तळमजल्यावर नळ उघडला की बादली दचकून मागे सरकते. चौथ्या मजल्यावर, म्हणजे आमच्याकडे, शॉवर सोडला की पाणी आधी थोडा विचार करतं. मग एका भोकातून यायचं की दोन, हे ठरवतं. आणि शेवटी अंगावर न पडता, जिना उतरणाऱ्या आजीबाईंसारखं भिंतीचा आधार घेत घेत खाली येतं. या प्रकाराबद्दल आमच्या घरात गेली चौदा वर्षं एकच वाक्य बोललं जातं, "आज पाण्याला प्रेशर नाही." यातला 'आज' हा निव्वळ आशावाद.

प्रेशर या शब्दाला मराठी घरानं जावयासारखं सामावून घेतलंय. ते पाण्याला नसतं, कुकरला येतं, टायरमध्ये कमी पडतं, सासऱ्यांना दहा वर्षांपासून असतं, दहावीच्या मुलावर टाकलं जातं, आणि एका विशिष्ट प्रेशरची वाट बघत कित्येक गृहस्थ सकाळी चहाचा दुसरा कप घेऊन वर्तमानपत्राची लहान जाहिरातींसकट पारायणं करतात. खरं तर आपल्याकडे स्वतःचे शब्द काही कमी नाहीत. पुस्तकात दाब, राजकारणात दबाव आणि मुलाखतीला जाताना दडपण. शिवाय आपण लग्नात दाबून जेवतो, घरी आल्यावर पाय दाबून घेतो आणि सोमवारी ऑफिसात कुणाची तरी फाईल दाबून ठेवतो. 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' ही तर बंद भांड्यातल्या वायूची अचूक व्याख्या आहे. वाफ निघायला वाट नाही आणि खालून आच चालूच.

मोजमापाचं म्हणाल तर त्यात एकवाक्यता नाही. टायरमध्ये हवा पाउंडांत भरतात. पंक्चरवाला "पुढं बावीस, मागं अठ्ठावीस" असं म्हणतो तेव्हा कशाचे पाउंड, किती जागेवर, असं विचारायची कुणाची छाती होत नाही. रक्ताचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, हवेचा हेक्टोपास्कलमध्ये आणि कुकरचा शिट्ट्यांत. यांतलं शेवटचं एकक एकट्या भारतीय स्वयंपाकघराचं असून सर्वांत विश्वासार्ह आहे. "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर" या सूचनेत नवऱ्याकडून चूक झालीच तर मोजण्यात होते, एककात होत नाही.

शाळेत आम्हाला दाब शिकवला तो विज्ञानाच्या सरांनी, पेन्सिलीनं. टोक केलेली पेन्सिल आडवी धरायची. टोक एका हाताच्या बोटावर, बोथट बाजू दुसऱ्या हाताच्या बोटावर, आणि दोन्हीकडून दाबायचं. जोर दोन्हीकडे सारखाच, पण बोंब एकाच बोटाची. मग सर फळ्यावर लिहीत, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. मागच्या बाकावर हे समीकरण छडीनं शिकवलं जाई. छडी बारीक का असते आणि तळहातापेक्षा बोटांच्या पेरांवर जास्त का लागते, हे आम्ही गणित न करता सिद्ध करून दाखवू शकत होतो.

पण या भागाकाराची मला भेटलेली सर्वांत सुंदर आकृती म्हणजे चुंबळ. माझी आई गावी विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायची. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पाण्याचंच वजन पंधरा किलो. हंड्याचं बूड गोल. तसाच डोक्यावर ठेवला तर तो टेकणार जेमतेम चार-पाच चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे टाळूच्या तेवढ्याशा जागेत दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोंचा दाब. मोटारीच्या टायरमध्येसुद्धा एवढा नसतो, तिथं दोन किलोंच्या आसपास असतो. जुन्या लुगड्याचा पिळा करून त्याचं कडं डोक्यावर ठेवलं, की तेच पंधरा किलो शंभरेक चौरस सेंटिमीटरवर पसरतात आणि दाब दीडशे ग्रॅमवर येतो. हंड्याचं वजन रतीभरही कमी झालेलं नसतं. आईला मी हे एकदा कौतुकानं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग त्यात काय? चुंबळ नसली की टाळू दुखते." आकडेमोडीला मला अर्धा तास लागला होता.

याच भागाकाराचं उलट टोक लग्नाच्या रिसेप्शनला दिसतं. आमच्याकडे हल्ली कार्यालयांना 'लॉन्स' म्हणतात. संध्याकाळी त्या ओल्या हिरवळीवरून उंच टाचांच्या सँडल घातलेली एखादी शिडशिडीत करवली चालू लागली, की दर पावलाला बोटभर खाली जाते. टाच असते चौरस सेंटिमीटरभर आणि पाऊल टेकताना तीस किलोंचा भार तिच्यावर सहज येतो. चार टनांचा हत्ती त्याच हिरवळीवरून गेला, तर त्याची चार परातींएवढी पावलं चौरस सेंटिमीटरला किलोच्या आतबाहेर दाब देतील. वरातीत हत्ती आणायला म्हणून माझा विरोध नाही, करवल्यांचं काय ते कार्यालयवाल्यांनी बघावं.

दाबाच्या अधिकृत एककाचं नाव पास्कल, आणि ते इतकं नाजूक आहे की त्याची कीव यावी. शंभरेक ग्रॅम वजन अख्ख्या एका चौरस मीटरवर पसरलं की होतो एक पास्कल. उडदाचा पापड तळहातावर घ्या. तो तुमच्या हातावर चार-पाच पास्कलचा दाब देतो. म्हणजे जगातल्या सगळ्या शास्त्रज्ञांनी मिळून पापडाहून हलकं माप निवडलं आणि मग टायरमधली हवा मोजताना दोन लाख, दोन लाख करत बसले.

आता स्वयंपाकघर. कुकर पूर्ण भरात असतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोनं जास्त असतो. त्यामुळे पाणी शंभर अंशांऐवजी एकशेवीसच्या आसपास उकळतं आणि तूरडाळ मुकाट्यानं शरण येते. आमच्या कुकरच्या झाकणाचा व्यास वीस सेंटिमीटर, क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे डाळ शिजत असताना त्या झाकणाला खालून ३१४ किलोंची ढकल बसत असते. तीन क्विंटलांहून जास्त! तीन पोती ज्वारी झाकणावर उलटी ठेवल्यासारखं. आणि या सगळ्या प्रकरणावर देखरेख कोण करतं, तर शिट्टी. तिच्या खालचं भोक तीन मिलिमीटरचं असेल तर त्यातून वर येणारा जोर फक्त सत्तर ग्रॅमचा. म्हणून सत्तर ग्रॅमची शिट्टी तिथं नुसती बसलेली असली तरी पुरते. डाळ तीच, वाफ तीच, दाबही अगदी सारखा, पण झाकणाच्या वाट्याला तीन क्विंटल आणि शिट्टीच्या वाट्याला दोन लिंबं. आमच्या ऑफिसातली कामाची वाटणी याहून वेगळी नव्हती, आणि तिथंही आवाज शिट्टीच करायची.

हे यंत्र मूळचं दनी पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थांचं. १६७९ साली त्यांनी वाफेच्या दाबावर हाडं मऊ करणारं भांडं केलं. भांडी फुटू नयेत म्हणून त्यांनी वाफेच्या वाटेवर वजन ठेवण्याची युक्ती काढली, आणि आपल्या शिट्टीचं घराणं तिथून सुरू होतं. १६८२ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेलं जेवण घातलं. सोसायटीच्या सभासदांना आधी जेवू घालावं आणि मग विज्ञान पटवावं, ही गोष्ट मला त्यांच्याकडून वेळेत शिकता आली असती तर पुढचा प्रसंग टळला असता. तो सांगतोच, पण आधी झाकणाचं.

एकदा घाईघाईत बायकोनं गरम कुकर नळाखाली धरला. दोन मिनिटांनी झाकण काही केल्या निघेना. मी ओढलं. शेजारच्यांना बोलावलं. त्यांनी कुकर पोटाशी धरला, मी दांडा फिरवू लागलो, आणि आम्ही स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत एकमेकांना ओढत गेलो. आतली वाफ निवून तिचं पाणी झालं होतं, त्यामुळे आत जवळजवळ पोकळी होती आणि बाहेरची हवा झाकणावर बसकण मारून बसली होती. जर्मनीतल्या माग्डेबुर्गचे नगराध्यक्ष ऑटो फॉन गेरिके यांनी १६५७ साली हाच प्रयोग आपल्या गावी केला. दोन तांब्याचे अर्धगोल एकमेकांना जुळवले, आतली हवा पंपानं काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. गोळ्याचा व्यास पन्नासेक सेंटिमीटर, म्हणजे हवेची पकड दोन टनांच्या घरात. घोडे घामाघूम झाले. यातली खरी गंमत अशी, की एका बाजूचे आठ घोडे सोडून ती बाजू झाडाला बांधली असती तरी ओढ तेवढीच राहिली असती. पण नगराध्यक्षांना झाड चालत नाही, गर्दी लागते.

आमच्या प्रयोगात आई आली, तिनं शिट्टी उचलली. फुस्स. झाकण आपोआप सैल झालं. शेजारी सोळा घोड्यांची दमछाक चेहऱ्यावर घेऊन घरी गेले.

ही जी बाहेरची हवा, तिचं ओझं आपल्याला जन्मापासून आहे. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो. तुमच्या उघड्या तळहातावर आत्ता दीडशे किलो हवा उभी आहे. आपण चपटे होत नाही, कारण हाताखालची हवा तितक्याच जोरानं वर ढकलते आणि शरीराच्या आतूनही तितकाच जोर बाहेर असतो. बाथरूममध्ये आपण चिकटवतो ते रबरी कप आणि त्यांचे हुक याच भरवशावर असतात. आतली हवा दाबून काढली की बाहेरची हवा कपाला भिंतीशी धरून ठेवते. पाच सेंटिमीटरचा कप हिशेबानं वीस किलो पेलू शकतो. प्रत्यक्षात तो एक ओला टॉवेल रात्री अडीचपर्यंत पेलतो आणि मग घरात चोर शिरल्यासारखा आवाज करून पडतो. फरशीच्या सांध्यातून हवा आत शिरते, बाकी काही नाही.

हवेला वजन आहे हे कळलं त्याची कथा मला आवडते ती तिच्यातल्या नात्यामुळे. इटलीत टोरिचेल्लीच्या नळीत पाऱ्याचा स्तंभ ७६ सेंटिमीटरवर उभा राहिला होता. तो बाहेरच्या हवेनं तोललाय, असं टोरिचेल्लीचं म्हणणं होतं. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलच्या मनात आलं, की तसं असेल तर डोंगरावर हवा कमी म्हणून पारा खाली यायला हवा. स्वतः पास्कल पॅरिसला, प्रकृती तोळामासा. डोंगर, प्यूई द डोम, थोरल्या बहिणीच्या सासरी. मग त्यांनी काय केलं? दाजींना पत्र लिहिलं, की नळ्या आणि पारा घेऊन डोंगर चढा. आपल्याकडे दाजी घरी आले तर त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. पत्र १६४७ च्या नोव्हेंबरातलं, आणि फ्लोराँ पेरिए नावाचे हे दाजी चढले १९ सप्टेंबर १६४८ ला. दहा महिने. मला त्यांच्या जागी बसून बघावंसं वाटतं. बायकोच्या धाकट्या भावाचं पत्र, त्यात आज्ञा, आणि डोंगर १४६५ मीटर. आपल्या साल्हेरहून बुटका, पण सासुरवाडीच्या कामासाठी चढायचा म्हटल्यावर उंचच. एक नळी त्यांनी पायथ्याच्या मठात एका पाद्र्याच्या निगराणीखाली ठेवली, दुसरी माथ्यावर नेली. खालचा पारा दिवसभर जागेवरून हलला नाही आणि वरचा तीन इंचांहून जास्त उतरला. पुढे एककाला नाव पास्कल असं पडलं. दाजींच्या नावानं पापडभरसुद्धा काही नाही.

तोच प्रयोग आपण दर उन्हाळ्यात करतो. महाबळेश्वरचा घाट चढताना मागच्या सीटवरची वेफर्सची पुडी टम्म फुगते, कानात दडे बसतात, आणि आई पिशवीतून आवळासुपारी काढून देते. गिळलं की कानामागची नळी उघडते आणि आतलीबाहेरची हवा सारखी होते. वर पोचल्यावर पातेल्यातला भात कच्चा राहतो, कारण तिथं पाणी पंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागतं. यावर यजमान तांदळाला नावं ठेवतात आणि पाहुणे यजमानांना.

आता सोसायटीची सभा.

चौथ्या मजल्यावरच्या कमी दाबाचा विषय 'आयत्या वेळचे विषय' या सदरात यायचा, म्हणजे चहा आल्यावर. या वर्षी मात्र तो विषयपत्रिकेवर छापून आला. सेक्रेटरींनी ठराव मांडला, की गच्चीवरची दोन हजार लिटरची टाकी काढून पाच हजार लिटरची बसवावी, म्हणजे प्रेशर वाढेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठी टाकी, जास्त पाणी, जास्त जोर. इतकं सरळ वाटतं, की यात चूक असेल अशी शंकाही येत नाही.

मी उभा राहिलो. म्हणालो, टाकीत पाणी किती आहे याच्याशी दाबाचा काही संबंध नाही, पाण्याची पातळी नळापासून किती उंच आहे याच्याशीच आहे. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो, साधा हिशेब. तळमजल्याच्या नळावर पंधरा-सोळा मीटर पाणी उभं आहे, म्हणून तिथं दीड किलोच्या वर दाब येतो. माझ्या शॉवरच्या वर पातळी फक्त अडीच मीटर, म्हणून पाव किलो. टाकी पाच हजारांची करा नाहीतर पाच लाखांची.

"असं कसं होईल?" दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी म्हणाले. "ठेव वाढली की व्याज वाढतंच ना?"

मी कोयनेवर गेलो. म्हणालो, धरणाची भिंत १०३ मीटर उंच, मागं जलाशय मैलोन्मैल पसरलेला. पण भिंतीला पाण्याच्या लांबीचा पत्ताच नसतो, तिला फक्त खोली कळते. शंभर मीटर खाली दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो, म्हणून भिंत पायाशी जाड आणि माथ्याशी निमुळती. मागचं पाणी हातभरच लांब असतं आणि खोली तीच असती, तरी भिंत तितकीच जाड बांधावी लागली असती.

"ते धरण आहे," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "ही टाकी आहे."

याची मला कल्पना होतीच, म्हणून मी तयारीनं गेलो होतो. एक लिटरची बाटली आणि वीस लिटरचा पाण्याचा जार, दोघांना तळापासून सारख्याच उंचीवर सारख्याच खिळ्यानं भोकं पाडून आणली होती. दोन्हींत सारख्या पातळीपर्यंत पाणी भरलं, टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, आणि एकदम बोटं काढली. दोन्ही धारा अगदी सारख्या अंतरावर पडल्या. दुर्दैवानं त्या अंतरावर सोसायटीचं इतिवृत्ताचं रजिस्टर होतं. गेल्या तीन वर्षांचे ठराव निळे होऊन एकमेकांत मिसळले. बाटलीच्या धारेनं पार्किंगचा विषय पुसला आणि जारच्या धारेनं लिफ्टचा, म्हणजे पुराव्यात तिथंही समानता होती. पण सभेचं लक्ष धारांवरून उडालं.

"तुमचं विज्ञान बरोबर असेल," सेक्रेटरी रजिस्टर पंख्याखाली धरत म्हणाले, "पण सभासदांच्या भावनेचाही विचार केला पाहिजे." मतदान झालं. द्रवाच्या दाबाचा नियम बारा विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. दोनांतलं एक माझं. दुसरा हात मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा, आणि तो डास मारायला वर गेला होता, हे त्यांनी नंतर सांगितलं. बंदिस्त द्रवात कुठंही दाब दिला तरी तो सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम आमच्या सोसायटीत बातम्यांना लागू आहे. मी खाली उतरेपर्यंत वॉचमनसुद्धा मला "सर, बाटली राहिली तुमची" म्हणाला.

या सगळ्यात एक माणूस माझ्या बाजूनं होता, पण तो सभासद नव्हता. प्लंबर. टाकी बघायला आला तेव्हाच म्हणाला होता, "साहेब, लिटर वाढवून काय होणार? कट्टा वाढवा." त्यानं पास्कलचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण तो नळाकडे बघून वर टाकीकडे बघतो आणि मनातल्या मनात फूट मोजतो. मी त्याला सभेत बोलवा म्हटलं, तर सेक्रेटरी म्हणाले, बिगरसभासदांना बोलायचा अधिकार नाही.

टाकी क्रेननं आली. काळी, बसकी, रुंद, गच्चीवर म्हैस चढवल्यासारखी. ती बसवायला आलेल्या इंजिनिअरनं जुन्या कट्ट्याभोवती दोन चकरा मारल्या आणि सांगितलं, की पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, ते या विटांच्या कट्ट्यावर नको, खालच्या तुळया बघून सरळ स्लॅबवर ठेवा. सुरक्षिततेचा मुद्दा होता आणि त्याचं म्हणणं बरोबरच होतं. वजन पसरलं पाहिजे, शेवटी चुंबळच. कट्टा फोडला, राडारोडा पोत्यांत भरून खाली नेला, आणि टाकी स्लॅबवर टेकवली. प्लंबरनं शेवटचा सांधा आवळला, टेप काढला, कट्ट्याच्या राहिलेल्या खुणेपाशी धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पावणेतीन फूट गेले, साहेब."

टाकीला हार घातला. पेढे वाटले. खालच्या मजल्यांना काही फरक पडला नाही, सोळा मीटरांतून पाऊण-एक मीटर गेलं तर कुणाला कळतंय. त्यांना पाणी मात्र जास्त वेळ पुरू लागलं, त्यामुळे ठराव यशस्वी झाला असं सगळ्यांचं मत पडलं. माझ्या अडीच मीटरांतून पावणेतीन फूट गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शॉवर सोडला, वर बघितलं, आणि एक थेंब माझ्याकडे बघत होता.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावं लागलं. डोकं दुखत होतं. डॉक्टरांनी हात टेबलावर ठेवायला सांगितला. मी लोंबकळता ठेवला तर म्हणाले, "नाही, हृदयाच्या पातळीवर. हात खाली असला तर आकडा वाढतो." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. उंचीचं महत्त्व कळणारा दुसरा माणूस भेटला होता. पट्टा फुगला, सुटला. "वरचं १८०. कसलं टेन्शन घेताय?" मी म्हटलं, टाकीचं. त्यांनी गोळी लिहून दिली.

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. रक्तदाब अजूनही पाऱ्याच्या उंचीतच सांगतात, आणि पारा पाण्याच्या १३.६ पट जड. फार पूर्वी स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त किती वर चढतं ते बघितलं होतं. आठ फूट तीन इंच चढलं. १७३३ साली त्यानं ते छापलं. घोडीचं मत कुठं नोंदलेलं नाही. तर १२० मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचा एक मीटर त्रेसष्ट सेंटिमीटरचा स्तंभ. शांत माणसाचं हृदय एवढ्या उंचीवर पाणी चढवू शकतं. आणि १८० म्हणजे दोन मीटर पंचेचाळीस.

मग मी गच्चीवर जाऊन टाकीची पातळी मोजली. शॉवरपासून धरली. आकडा आला एक मीटर त्रेसष्टच्या आसपास. खात्री करायला पुन्हा मोजला. कट्टा होता तेव्हा पातळी दोन मीटर पंचेचाळीसला होती आणि माझं हृदय एकशेवीसला. आता शॉवरचं बीपी १२० झालंय, अगदी आदर्श, आणि १८० माझ्याकडे आलंय. सोसायटीनं टाकीच बदलली असं नाही, आमची दोघांची अदलाबदलही करून टाकली.

हे मी बायकोला सांगायला गेलो. ती म्हणाली, "अहो, गोळी घेतलीत का?"

हल्ली मी बाथरूममध्ये पाट ठेवलाय. शॉवर फरशीपासून सात फुटांवर, खालचा नळ दोन फुटांवर. पाटावर बसून नळाखाली डोकं धरलं की मधले पाच फूट, म्हणजे दीड मीटर, फुकटात मिळतात आणि दाब जवळजवळ दुप्पट होतो. पाणी चक्क लागतं. आईनं दारातून विचारलं, "खाली बसून का आंघोळ करतोस?" मी हिशेब सांगायला तोंड उघडलं आणि नळाचं पाणी तोंडात गेलं.

परवा नोटीस बोर्डावर पुढच्या सभेची विषयपत्रिका लागली आहे. विषय क्रमांक चार: चौथ्या मजल्यावरील पाण्याच्या दाबाबाबत आलेल्या तक्रारीचा विचार करून दहा हजार लिटरच्या टाकीसाठी दरपत्रकं मागवणे. खाली कंसात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, सभासदांनी बाटल्या आणू नयेत.